मोडलेला नेम पुन्हा धरताना

जबलपूरच्या ज्या महाराजपूर वस्तीत माझे घर आहे, तेथे हिवाळ्यातील पहाट जरा उशिराच जागी होते. धुके रस्त्यावर उतरलेले असते, दूधवाल्यांची वर्दळ सुरू झालेली असते, आणि अशा वेळी एखादा मध्यमवयीन गृहस्थ ओसरीतल्या सायकलीवरचे धुळीने माखलेले फडके दूर करून चाकांत हवा भरताना दिसतो. त्याच्या चेहऱ्यावर निश्चय असतो. तीन आठवड्यांनी पाहावे, तो तीच सायकल त्याच फडक्याखाली पुन्हा निजलेली! हा गृहस्थ दुसरातिसरा कोणी नसून मीच होतो, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

श्रोतेहो, ज्या खेळापायी ही सायकल बाहेर निघाली, त्याचे नाव ट्रायथलॉन. आधी पोहावयाचे, मग सायकल चालवावयाची आणि शेवटी धावावयाचे, असा हा तिहेरी खेळ आहे. मध्ये विश्रांती नाही. ओले अंग पुसून पायांत जोडे घालण्यास जो वेळ लागतो, तोही एकूण वेळेत मोजला जातो. या नावाची पहिली शर्यत १९७४ साली अमेरिकेतील सान डिएगो येथे झाली, आणि २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून या खेळाला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. हौशी माणसासाठी जी लहान शर्यत असते, तीत ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. ऑलिंपिकमधील अंतर याच्या दुप्पट. ‘आयर्नमॅन’ म्हणून जी प्रसिद्ध आहे, ती मात्र ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे, अशी दिवसभराची तपश्चर्या आहे. २०१५ साली मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना झुरिक येथे ती पूर्ण केली. २०१९ साली गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर तिच्या निम्म्या अंतराची शर्यत भरली, तेव्हा हा खेळ जणू आपल्या अंगणातच आला.

अशी उदाहरणे ऐकून पुष्कळांना स्फुरण चढते, आणि चढावेही. परंतु मला आज बोलावयाचे आहे ते ज्याने हा नेम एकदा धरला, काही वर्षे पाळला आणि मग संसाराच्या रहाटगाडग्यात सोडून दिला, त्या माणसाविषयी. नवशिक्याला आपण अडाणी आहोत, हे ठाऊक असते. तो जपून पाऊल टाकतो. परतून येणाऱ्यापाशी मात्र एक धोकादायक ठेवा असतो. तो म्हणजे आपल्या जुन्या सामर्थ्याची आठवण.

माझेच पाहा. चाळिशीच्या सुमारास मी ती लहान शर्यत पूर्ण केली होती. पुढे आईचे दीर्घ आजारपण आले, नोकरीतील जबाबदाऱ्या वाढल्या, आणि बघता बघता तीन वर्षांचा खंड पडला. वजन अकरा किलोंनी वाढले. एके दिवशी रक्ताची तपासणी झाली, आणि साखर मधुमेहाच्या सीमेवर येऊन ठेपली असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. या व्याधीपायी माझ्या वडिलांनी पायाची दोन बोटे गमावलेली मी पाहिली होती. त्या रात्री मला झोप आली नाही. पुढच्याच रविवारी मी जुने जोडे पायांत घातले आणि जुन्याच वेगाने आठ किलोमीटर धावून आलो. दम लागला, परंतु अभिमानही वाटला. आठवडाभर हाच क्रम चालवला. आठव्या दिवशी टाचेमागची शीर अशी सुजली की जिना उतरणेही कठीण झाले. मी भिंतीचा आधार घेत उतरत असता पत्नी एवढेच म्हणाली, “अहो, तुम्ही आजचे धावत होता, की तीन वर्षांपूर्वीचे?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एका प्रयोगाची हकीकत वाचावयास मिळाली. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावले. या निजून राहण्याने त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती एक चतुर्थांशाहून अधिक घटली. नंतर आठ आठवडे त्यांच्याकडून कसून व्यायाम करवून घेतला, तेव्हा ती मूळच्याही पुढे गेली. परंतु खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावण्यात आले. ते आता पन्नाशीचे झाले होते, आणि त्यांचे सरासरी वजन ७७ किलोंवरून १०० किलोंवर गेले होते. तरीही तीस वर्षांच्या वयाने त्यांची शक्ती जेवढी नेली होती, ती तारुण्यातील त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेलेल्या शक्तीहून कमीच निघाली! मग सहा महिने चालणे, हळू धावणे आणि सायकल असा व्यायाम त्यांनी क्रमाक्रमाने वाढवत नेला. शेवटी शेवटी तो आठवड्याला सुमारे साडेचार तासांवर गेला. त्या सहा महिन्यांत त्यांची शक्ती विशीतील मूळ पातळीवर परत आली. तारुण्यात कसून व्यायाम करून जे शिखर त्यांनी गाठले होते, ते मात्र पुन्हा हाती आले नाही.

पाचच माणसांचा हा प्रयोग. त्यावर फार मोठा इमला रचू नये, हे खरे. पण तो दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. गेलेले पुष्कळसे परत मिळते, ही पहिली. आणि ते परत मिळावयास सहा महिने द्यावे लागतात, सहा दिवस नव्हेत, ही दुसरी.

मग माझी टाच का सुजली? शरीराचे सर्व भाग एकाच गतीने सावरत नाहीत, हे त्याचे कारण आहे. व्यायाम थांबला की पहिल्या पंधरवड्यातच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटू लागते, म्हणून चार पावलांत दम लागतो. पुन्हा सुरुवात करताच हेच सर्वांत लवकर भरून निघते. काही आठवड्यांत हृदय आणि फुप्फुसे ‘चला’ म्हणू लागतात. परंतु स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि स्वतः हाडे यांना बळकट होण्यास महिनोन् महिने लागतात. मनाला जुना वेग आठवत असतो, छातीला तो झेपू लागलेला असतो, आणि टाच मात्र अजून तयार नसते. परतून येणारे पुष्कळ जण या फटीत सापडतात.

याला उपाय काय? सुदैवाने या खेळाच्या क्रमातच तो सापडतो. शर्यतीत पोहणे पहिले ठेवतात, कारण थकलेल्या माणसाने पाण्यात उतरणे धोक्याचे असते. परतीच्या वाटेवरही हाच क्रम उपयोगी पडतो. पाणी अंगाचा भार स्वतः उचलते, म्हणून आरंभ पोहण्याने करावा. त्यानंतर सायकल, तीवर आपण बसलेले असतो, आणि सांध्यांना धक्के बसत नाहीत. धावणे सर्वांत शेवटी वाढवावे, कारण धावताना प्रत्येक पावलागणिक आपल्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो.

पहिल्या चार आठवड्यांचे माझे वेळापत्रक असे होते: दोन दिवस पोहणे, दोन दिवस सायकल, दोन दिवस चालणे-धावणे, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. प्रत्येक वेळी अर्धा तास, अधिक नाही. तलावाची एक लांबी पोहावयाची, श्वास स्थिर होईपर्यंत थांबावयाचे, मग दुसरी. धावण्याच्या दिवशी एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे. वेग मोजण्यासाठी घड्याळाची गरज नाही; शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, एवढी कसोटी पुरे. एका आठवड्यात तिहींपैकी एकच गोष्ट थोडी वाढवावी, आणि दर चौथ्या आठवड्यात सर्वच कमी करून शरीराला उसंत द्यावी. दोन-अडीच महिन्यांनी, सायकलीवरून उतरताच दहा मिनिटे धावून पाहावे. पाय लाकडासारखे वाटतात; त्याला भिऊ नये, ते सरावाने सुटतात. ज्यांना मधुमेह, रक्तदाब वा हृदयाचा विकार आहे, त्यांनी आरंभीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा; आणि छातीत दुखले वा भोवळ आली, तर तेथेच थांबून उपचार गाठावा. तेथे निश्चयाची परीक्षा पाहू नये.

गावाप्रमाणे काही पथ्येही पाळावी लागतात. आमच्या जबलपूरला नर्मदेचे सान्निध्य आहे, आणि ग्वारीघाटावर गेले की पाण्यात झेप घ्यावीशी वाटतेच. परंतु वरच्या अंगाला बर्गी धरण आहे, आणि पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडले म्हणजे घाटाच्या पायऱ्या पाहता पाहता पाण्याखाली जातात. म्हणून सराव बांधीव तलावातच करावा. नदीत उतरावयाचे तर पाणी शांत असताना, जाणत्या सोबत्यासह आणि नाव जवळ ठेवून. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उष्म्याची सवय होण्यास शरीराला दहा-पंधरा दिवस लागतात, तोवर पहाटेच बाहेर पडून सूर्य वर येण्यापूर्वी परतावे. आणखी एक पथ्य सांगताना मला संकोच वाटतो. येथे सकाळी पोहे आणि जिलेबी खाण्याची रीत आहे. सायकलीवरून परतताना कढईतून निघणाऱ्या जिलेबीचा वास नाकाशी आला की तासाभराच्या श्रमाचा हिशेब पाच मिनिटांत चुकता होतो. मी रस्ता बदलला, कारण स्वभाव बदलण्यापेक्षा ते सोपे होते.

आता उरला मनाचा प्रश्न. पुष्कळ जण म्हणतात, “पूर्वीचा उत्साह राहिला नाही.” माझा अनुभव असा की उत्साहाची वाट पाहत बसणे, हीच चूक आहे. आपल्या भाषेत ‘नेम’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. नेम म्हणजे नित्याचा नियम, आणि नेम म्हणजे लक्ष्यावर रोखलेली दृष्टीही. दोन्ही अर्थ येथे हवेत. लक्ष्य असे की ज्याला तारीख आहे: चार-सहा महिन्यांनंतरच्या एखाद्या लहान शर्यतीत नाव नोंदवावे. हौशी स्पर्धकांचे गट पाच-पाच वर्षांच्या वयाप्रमाणे पाडलेले असतात, त्यामुळे विशीतल्या पोराशी, किंवा विशीतल्या स्वतःशी, तुलना करण्याचे कारण उरत नाही. आणि नियम असा की तो थकल्या दिवशीही पाळता यावा. रात्रीच जोडे दाराशी काढून ठेवावेत. सोबतीला एक माणूस असावा, जो कोपऱ्यावर थांबलेला आहे, या जाणिवेनेच आपण अंथरूण सोडतो. एक साधी वही असावी. तीत आज काय केले एवढेच लिहावे, पूर्वी काय करीत होतो, ते लिहू नये.

लंडनमधील एका विद्यापीठाच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले. कोणाला अवघे १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्याच अभ्यासात असेही दिसले की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. हे वाचून माझ्या मनावरचा मोठा भार उतरला. कारण एक दिवस चुकण्याने माझा नेम कधीच मोडला नव्हता. ‘चुकलोच आहे, तर आता राहू दे’ असे दुसऱ्या दिवशी म्हणण्याने तो मोडला होता.

ग्वारीघाटावर नर्मदेच्या परिक्रमेस निघालेली माणसे नेहमी दृष्टीस पडतात. अडीच हजार किलोमीटरांहून अधिक वाट ती पायी चालतात. चातुर्मासात, नदीला पूर असताना, परिक्रमावासी एके ठिकाणी मुक्काम करतात आणि पावसाळा सरला म्हणजे पुढे निघतात. त्या मुक्कामाला कोणी पराभव म्हणत नाही. परिक्रमेच्या नियमांतच त्याला जागा आहे. आईच्या आजारपणाची माझी तीन वर्षे, हाही असाच एक चातुर्मास होता, असे आता मी मानतो. तो मला टाळावयाचा नव्हता, आणि त्याची लाजही वाटत नाही. अंतर एवढेच की परिक्रमावासी जेथे थांबला तेथूनच निघतो. आपल्याला मात्र थोडे मागे जाऊन निघावे लागते.

सात महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. साखर सीमेच्या अलीकडे आली होती. पाच किलोमीटर धावण्यास मला पूर्वीपेक्षा चार मिनिटे अधिक लागतात. ती चार मिनिटे मी आता वयाच्या खाती लिहून टाकली आहेत. सायकलीवरचे ते फडके आम्ही ओसरी पुसावयास घेतले. उद्या पोहण्याचा दिवस आहे, आणि जोडीदार पावणेसहाला कोपऱ्यावर येणार आहे.