सोरायसिसचे रुग्ण नेमके किती? आकड्यांमागचे गणित समजून घ्या

मुंबई-कोलकाता महामार्गावरील सौंदड (ता. सडक अर्जुनी) असो वा गोंदिया जिल्ह्यातील दुसरे गाव, कुष्ठरोग शोध मोहिमेत आशा सेविका घरोघरी जाऊन अंगावरील चट्ट्यांची चौकशी करतात. पूर्व विदर्भात कुष्ठरोग अजूनही आढळत असल्याने ही मोजणी महत्त्वाची आहे. पण चट्टा लालसर आहे, त्यावर चंदेरी खवले आहेत, खाज सुटते आणि स्पर्शही कळतो, तर? तो सोरायसिस असू शकतो. आणि सोरायसिस घरोघरी जाऊन कुणी मोजत नाही.

मग प्रमाण किती?

वैद्यकीय लेखांत भारतासाठी ०.४४ ते २.८ टक्के असा आकडा नेहमी दिसतो. २०११च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७. गुणाकार केला तर रुग्ण सुमारे ५,८०० किंवा थेट ३७,०००. फरक सहापटीहून अधिक!

खरी गोम तर पुढेच आहे. हा गुणाकारच मुळात चालत नाही. रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत आलेल्यांपैकी किती जणांना सोरायसिस होता, यावर हे आकडे मुख्यतः आधारलेले आहेत. गावातील शंभर जणांमागे किती, हे ते सांगत नाहीत. ओपीडीत त्वचेचा त्रास असलेलेच येतात, म्हणून टक्का फुगतो. उलट सौम्य चट्टे असलेला, रोवणीची मजुरी बुडवून गोंदियाला न गेलेला माणूस त्यात येतच नाही.

जगातही फार वेगळे चित्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या अहवालात देशोदेशींचे प्रमाण ०.०९ ते ११.४ टक्के इतके पसरलेले आहे.

मोजले नाही तर काय बिघडते?

रुग्ण किती हेच ठाऊक नसेल, तर औषधे किती मागवायची, त्वचारोगतज्ज्ञ कुठे हवेत, हे ठरवणार कसे? त्यात गैरसमजांची भर. सोरायसिस संसर्गजन्य नाही. प्रतिकारशक्ती बिघडल्याने त्वचेच्या पेशी महिन्याभराऐवजी काही दिवसांतच तयार होऊन वर येतात, त्याचेच खवले बनतात. तरीही चट्टे दिसले की लोक लांब बसतात. काही जण गजकर्ण समजून दुकानातून स्टिरॉइडचे मलम आणतात. ते अचानक थांबवले की आजार उसळू शकतो.

चट्टा बधिर असेल तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते. कोपर, गुडघे किंवा डोक्यात खवल्यांचे चट्टे असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. सकाळी सांधे आखडत असतील तर तेही स्वतःहून सांगावे, कारण काही रुग्णांत हा आजार सांध्यांनाही धरतो आणि त्वचा दाखवायला गेलेला माणूस सांधेदुखीचा विषय सहसा काढत नाही.