हिरोची बॉडी नेमकी बनते कशी? जिम, आहार आणि कॅमेऱ्यामागचं गणित

नवीन सिनेमाचा ट्रेलर येतो, हिरो शर्ट काढतो आणि दुसऱ्याच दिवशी रील्स सुरू होतात: "फक्त ९० दिवसांत अशीच बॉडी बनवा." खाली एखाद्या पावडरची लिंक असतेच. पण पडद्यावर दिसणारी ती बॉडी खरंच कशी तयार होते? त्यात मेहनत किती, आहार किती आणि कॅमेऱ्याची करामत किती? चला, एकेक गोष्ट समजून घेऊया.

स्नायू वाढतात म्हणजे काय होतं?

आपण वजन उचलतो तेव्हा स्नायूंमधल्या तंतूंवर ताण येतो. हा ताण म्हणजे शरीराला मिळालेला निरोप असतो, की एवढं वजन पुन्हा उचलावं लागणार आहे, तयारी ठेव. मग शरीर जेवणातून मिळालेलं प्रोटीन वापरून ते तंतू जाड करायला लागतं. हे काम जिममध्ये होत नाही. ते नंतरच्या एक-दोन दिवसांत, जेवताना आणि झोपेत होतं.

म्हणून तीन गोष्टी एकत्र लागतात:

- हळूहळू वाढणारं वजन: रोज तेवढंच वजन उचललं तर शरीराला बदलायचं काही कारणच उरत नाही.
- पुरेसं प्रोटीन: नियमित वजन उचलणाऱ्यांसाठी दिवसाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.६ ग्रॅम पुरतं. म्हणजे ६० किलोच्या मुलाला सुमारे ९६ ग्रॅम.
- झोप आणि विश्रांती: सात-आठ तास झोप हा व्यायामाचाच भाग आहे.

आणि हो, दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तरच व्यायाम झाला, असं अजिबात नाही.

'दंगल'ची उलटी गोष्ट

२०१६ च्या 'दंगल'मध्ये आमिर खान आधी तरुण, पिळदार पैलवान दिसतो आणि नंतर पोट सुटलेला बाप. शूटिंग मात्र बरोबर उलट्या क्रमाने झालं. आमिरने आधी वजन सुमारे ९७ किलोपर्यंत वाढवलं, बापाचे सीन शूट केले आणि मग काही महिन्यांत ते वजन उतरवून तरुणपणाचे सीन दिले. कारण त्यानेच सांगितलं होतं: जाड होऊन सिनेमा संपला असता, तर पुन्हा बारीक व्हायला काही कारणच उरलं नसतं.

त्या काळात त्याच्या शरीरातली चरबी सुमारे ३८ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या खाली आली. हे वाचून "मग मलाही जमेल" असं वाटू शकतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. आमिरने 'गजनी' (२००८) आणि 'धूम ३' (२०१३) साठी आधीच बॉडी कमावलेली होती. एकदा वाढलेले स्नायू व्यायाम सुटल्यावर लहान होतात, पण पुन्हा व्यायाम सुरू केला की पहिल्यापेक्षा लवकर परत येतात. याला मसल मेमरी म्हणतात. पहिल्यांदाच जिमला जाणाऱ्या मुलाकडे ही जमापुंजी नसते.

शर्ट काढण्याच्या सीनआधी काय चालतं?

सिनेमातली ती बॉडी हिरोचीही रोजची नसते. ती त्या एका दिवसासाठी, कधीकधी तर काही तासांसाठी तयार केलेली असते.

'द विचर' मालिकेत काम केलेल्या हेन्री कॅव्हिलने ही पद्धत उघडपणे सांगितली आहे. उघड्या अंगाच्या सीनआधी तीन दिवस तो पाणी कमी करत जायचा, शेवटच्या दिवशी तर जवळपास बंदच. अंगातलं पाणी कमी झालं की त्वचा स्नायूंना चिकटल्यासारखी दिसते आणि प्रत्येक रेष उठून दिसते.

आता गंमत बघा. 'ले मिझराब्ल' (२०१२) या सिनेमात ह्यू जॅकमनला खंगलेला, उपाशी कैदी दिसायचं होतं. त्यासाठी त्याने काय केलं? सुमारे ३६ तास पाणी सोडलं! म्हणजे जी युक्ती एकाला तगडा दाखवायला वापरली, तीच दुसऱ्याला आजारी दाखवायला. आपण ज्याला 'फिट' म्हणतो, ते शरीर त्या क्षणी तहानलेलं आणि थकलेलं असू शकतं. असं पाणी तोडल्याने चक्कर येते, रक्तदाब उतरतो, किडनीवर आणि हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होऊ शकतो. घरी हा प्रयोग अजिबात करू नका.

त्यात आणखी भर पडते. शॉटच्या अगदी आधी पुश-अप्स किंवा डंबेल मारले की स्नायूंत रक्त भरतं आणि ते थोडा वेळ फुगलेले दिसतात. अंगाला तेल लावतात. लाइट वरून किंवा बाजूने टाकतात, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली पडते. तुम्हीही हे तपासू शकता. जिमच्या आरशासमोरच्या लाइटमध्ये एक सेल्फी काढा आणि घरी खिडकीसमोर उभं राहून दुसरा काढा. माणूस तोच, बॉडी वेगळी!

कॉम्प्युटरचा हात

'कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर' (२०११) मध्ये काडीपैलवान स्टीव्ह एका प्रयोगातून धिप्पाड होतो. इथे ख्रिस इव्हान्सची तगडी बॉडी खरी, व्यायामाने कमावलेली होती. खोटा होता तो बारीक स्टीव्ह! लोला नावाच्या व्हीएफएक्स कंपनीने बऱ्याच शॉट्समध्ये इव्हान्सचंच शरीर कॉम्प्युटरवर फ्रेम-दर-फ्रेम लहान केलं. काही ठिकाणी दुसरा बारीक अभिनेताही वापरला.

तेव्हा ज्याला मोठी टीम लागली, तसं काम आज मोबाइलमधली एडिटिंग अ‍ॅप्स काही सेकंदांत करतात: कंबर बारीक, खांदे रुंद, पोटावर पॅक्स. तेही व्हिडिओमध्ये. म्हणून 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो दिसले, तर दोन्हींवर शंका घ्या.

पैसा, वेळ आणि टीम

'इटर्नल्स' (२०२१) साठी कुमैल नंजियानीने बॉडी बनवली आणि डिसेंबर २०१९ मध्ये फोटो टाकला. सोबत त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, की स्टुडिओने पैसे दिले, उत्तम ट्रेनर आणि आहारतज्ज्ञ दिले आणि पूर्ण एक वर्ष मिळालं, म्हणून हे जमलं. त्याचं ते कामच होतं. तुम्हाला कॉलेज, नोकरी, लोकलचा प्रवास सांभाळून हे करायचंय.

इंजेक्शनचा शॉर्टकट

इथेच खरा धोका आहे. "महिनाभरात रिझल्ट" म्हणून काही जण स्टेरॉइड घेतात. त्याने हृदय आणि लिव्हरला इजा होऊ शकते, शरीरातलं टेस्टोस्टेरॉन बनणं थांबू शकतं आणि पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. दुसरं नाव मेफेंटरमाइन. हे औषध रक्तदाब फार खाली गेल्यावर डॉक्टर वापरतात. जिमला जाणाऱ्या मुलांना ते बेकायदा विकल्याबद्दल पुण्यासह राज्यात पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. ते स्नायू वाढवत नाही. फक्त थकवा जाणवू देत नाही आणि हृदयाला पळवत राहतं. ट्रेनर कितीही ओळखीचा असला, तरी त्याने दिलेलं इंजेक्शन घेऊ नका.

मग आपण काय करायचं?

- आठवड्यातून तीन दिवस व्यायाम पुरे. जिम नसेल तर जोर, बैठका आणि पुल-अप्सने सुरुवात करा.
- महागडी पावडर नसली तरी चालतं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम आणि १०० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांमध्ये सुमारे ५० ग्रॅम प्रोटीन असतं. डाळ, हरभरे, दूध आहेच.
- किडनीचा किंवा दुसरा जुना त्रास असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.
- महिन्यातून एकदाच, त्याच जागी, त्याच उजेडात, फिल्टर न लावता फोटो काढा. तुलना फक्त त्याच्याशी करा.

पडद्यावरचा हिरो म्हणजे वर्षभराच्या मेहनतीतले निवडून दाखवलेले दहा सेकंद. ती मेहनत जरूर उचला, त्या दहा सेकंदांच्या मागे लागू नका. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी "एकच इंजेक्शन घेऊन बघू" म्हणत असेल, तर हा लेख त्याला आजच पाठवा.