भक्तीचे स्वभाव

पुणतांब्यास चांगदेवांची समाधी असल्यामुळे स्वभावागणिक भक्ती पालटते, ही गोष्ट येथील श्रोत्यांस मुळापासून सांगावयास नको. योगसामर्थ्याचा अभिमान असलेले चांगदेव, वयाने लहान अशा ज्ञानेश्वरांस मायना काय लिहावा या पेचात पडून कोरे पत्र धाडतात, आणि उलट पासष्ट ओव्या येतात, ही कथा घरोघर ठाऊक आहे. तोच विचार घेऊन आज आम्ही आपल्या शेजाऱ्यांच्या, म्हणजे ख्रिस्ती मंडळींच्या, प्रार्थनामंदिरात जाणार आहो. आम्ही कामगार संघटनेतले. धर्मशास्त्र शिकलो नाही, जे वाचले ते द्वारसभा आटोपल्यावर. परंतु घोषणा देताना ज्याचा कंठ दाटून येतो तो, आणि वर्गणीचा हिशोब पैपर्यंत जुळवितो तो, यांतला खरा सभासद कोणता, असे विचारणारा पुढारी संघटना फोडतो, एवढे आम्ही पाहिले आहे.

नगरला अमेरिकन मिशन १८३१ साली आले. त्या मंडळीतले सर्वांत परिचित घर रेव्हरंड टिळकांचे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पिंड कवीचा, मनात आले की चालू लागावे, हाती असेल ते देऊन टाकावे. ख्रिस्तापर्यंतची त्यांची वाट तुकोबांच्या अभंगांवरून गेली. लक्ष्मीबाई मात्र पतीमागोमाग गेल्या नाहीत. कित्येक वर्षे त्यांनी आपले सोवळे सांभाळले. मग एकदा त्यांनी स्वतःशीच वाद घातला, की जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर मिळताच शिवाशिव सुटली, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. एकाच छपराखाली एकाला गाण्यातून देव भेटला, दुसरीला रोकड्या विचारातून. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरे केले.

आपल्या स्टेशनावरून गाडीने दौंडास गेले, की तेथून पुण्याच्या वाटेवर केडगाव लागते. तेथील पंडिता रमाबाई शास्त्रार्थात वाढलेल्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या भगिनींच्या मठात राहिल्या त्यांच्याशीच सिद्धान्तांवर पत्रांतून वाद मांडला. बुद्धीने तेव्हा धर्म स्वीकारला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला तो आठएक वर्षांनी, असा आशय त्यांच्या १९०७ सालच्या आत्मनिवेदनात आहे. १९०५ च्या जूनअखेर त्यांच्या मुक्तिसदनात मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडणे, पापांची कबुली, एकच कल्लोळ. काही मिशनऱ्यांस तो रुचला नाही. रमाबाईंनी तो बंद पाडला नाही. आणि त्याच आवारात, हिब्रू व ग्रीक शिकून, त्या शब्दाला शब्द ताडून बायबलाचे मराठी भाषांतर करीत होत्या! १९२२ साली त्या वारल्या. सबंध ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

येथे एक खुलासा हवा. त्या मुलींपैकी पुष्कळजणी १८९६ नंतरच्या दुष्काळांतून आलेल्या होत्या. घरदार उद्ध्वस्त झालेल्या पोरीच्या आक्रोशाला नुसता ‘स्वभाव’ म्हणणे आम्हांस पटत नाही.

विल्यम जेम्स या अमेरिकन पंडिताने १९०१-०२ साली एडिनबर्गच्या व्याख्यानांत धार्मिक माणसांचे दोन प्रकार मांडले. एक उपजतच प्रसन्न. दुसरा आतून दुभंगलेला, ज्याला जणू दुसऱ्यांदा जन्म घ्यावा लागतो. लक्ष्मीबाईंस पहिल्यात आणि रमाबाईंस दुसऱ्यात बसविण्याचा मोह होतो. तथापि असल्या खणांत माणूस पुरा मावत नाही. स्वभाव ओळखण्याच्या हल्लीच्या एका लोकप्रिय कसोटीत, काही आठवड्यांनी पुन्हा उत्तरे लिहिली तर पुष्कळांस निराळाच गट मिळतो.

खरे दुखणे निराळे आहे. ज्याला रडू फुटले तो म्हणतो, ‘तुझे डोळे कोरडे, म्हणजे तुला आत्म्याचा स्पर्शच नाही.’ पुस्तक वाचणारा म्हणतो, ‘टाळ्या पिटणारे अडाणी.’ हरेगावास सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला नवस फेडावयास चालत जाणाऱ्या बाईला दोघेही भोळी ठरवितात. असे ऐकून घेणारा माणूस भांडत नाही. तो मागच्या बाकावर सरकतो, मग नाताळापुरता येतो, मग तेवढाही येत नाही. संघटनेतून गळालेल्या माणसासारखीच त्याची नोंद कोठे होत नाही.

गाणाऱ्यांसाठी मराठी मंडळीने दार पुष्कळ रुंद केले, हे कबूल केले पाहिजे. साहेबी चालींच्या जोडीस टिळकांची भजने आली, नगरकडे ख्रिस्ती कीर्तने झाली, आणि १९६३ च्या रोममधील धर्मपरिषदेच्या ठरावानंतर कॅथलिकांचा मिस्सा लॅटिनमधून मराठीत आला. शंका घेणाऱ्याची सोय मात्र अजून अपुरीच दिसते. काशीचे पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ साली ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोऱ्हे झाले. शंकांनी त्यांस जन्मभर सोडले नाही. पंथही एकदा बदलावा लागला. आणि रमाबाईंच्या चिकित्सक बुद्धीचे समाधान झाले, ते याच गोऱ्ह्यांच्या लेखणीने.