ही चांदी नव्हे

बँकेच्या नोकरीत माझ्या हातून मोठा आकडा कधी चुकला नाही. राहून गेले ते एक वाक्य.

१९८९ सालची गोष्ट. मोहोळच्या शाखेत मी नवा अधिकारी होतो. पेरणीच्या तोंडावर सोनेतारणाच्या टेबलापुढे रांग लागे. एके दिवशी खेड्यावरच्या एक बाई दोन पाटल्या घेऊन आल्या. पदराच्या गाठीत एक पांढरी अंगठीही निघाली. सासूबाईंना मुंबईत कुणीतरी दिलेली. "सायेब, ही बी घ्या की," म्हणून त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

दागिने पारखणाऱ्या सोनारकाकांनी अंगठी कसोटीच्या दगडावर घासली, पांढऱ्या कसावर नत्राम्लाचा थेंब सोडला. चांदीचा कस विरघळून गेला असता. हा जागचा हलला नाही. काकांनी अंगठी तळहातावर खालीवर केली. "साहेब, ही चांदी न्हवं. आकाराच्या मानानं लई जड हाय. पर काय हाय, ते मला सांगता यायचं न्हाई."

नियम सोन्याचा होता. मी अंगठी परत केली, पाटल्यांवर कर्ज दिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. दिवाळीनंतर बाई पाटल्या सोडवायला आल्या, तेव्हा सहज विचारले, अंगठी कुठे आहे? "मोडली की. चांदीच्या भावानं."

पुढे वाचनात प्लॅटिनम आले आणि ती अंगठी आठवत राहिली. एक घन सेंटिमीटर चांदीचे वजन साडेदहा ग्रॅम, सोन्याचे १९.३ आणि प्लॅटिनमचे जवळजवळ साडेएकवीस! सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. प्लॅटिनमला १७६८ अंश लागतात. ते गंजत नाही, काळे पडत नाही. नुसत्या नत्राम्लाला ते दाद देत नाही; नत्राम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल मिळून होणारे अम्लराज, तेही गरम, त्याला विरघळवते. दक्षिण अमेरिकेत स्पॅनिश लोकांनी त्याला 'प्लाटिना', म्हणजे 'छोटी चांदी' म्हणून हिणवले होते. म्हणजे फसगत जुनीच!

या धातूचा आणखी एक गुण म्हणजे स्वतः न झिजता तो दुसऱ्यांच्या रासायनिक क्रिया घडवून आणतो. मोहोळवरून जाणाऱ्या पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या अनेक मोटारींच्या धुराड्यात तो विषारी कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करीत असतो. त्याच्यापासून बनलेले सिस्प्लॅटिन १९७८ पासून कर्करोगावर वापरात आहे. आणि आमच्या तराजूतल्या वजनांचे मूळही तिथेच! २० मे २०१९ पर्यंत जगाचा किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे.

ती अंगठी प्लॅटिनमचीच होती, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पांढरे सोनेही असू शकेल. पण चांदी नव्हती, एवढे त्या दिवशी आम्हा दोघांना कळले होते. धातू ओळखता आला नाही, याची लाज नाही. कळले होते तेवढे बाकावर बसलेल्या बाईला सांगितले नाही, याची आहे.

तुमच्या घरच्या जुन्या डब्यात असा एखादा पांढरा, काळा न पडणारा, हाताला जड दागिना असेल, तर मोडण्याआधी यंत्रावर तपासून घ्या. आता ती सोय सोलापूरसारख्या शहरात आहे. आणि तपासणारा जे सांगेल, ते घरातल्या बाईच्या कानावर घाला.