शोषण म्हणजे पिळवणूक, मग पिळवणूक म्हणजे काय?



'शोषण म्हणजे पिळवणूक' हे उत्तर मुलं धडाधड सांगतात, मार्कही मिळतात. पण 'पिळवणूक म्हणजे काय?' असं विचारलं की वर्ग गप्प. एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवला, एवढंच झालं.

असे शब्द माणसामाणसांतले व्यवहार सांगतात. म्हणून प्रत्येक शब्दाला प्रश्न विचारायचे: कोण? कोणाशी? कशासाठी? काय सोसून? उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ, अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकरी संपाचं.

खोत: सरकारच्या वतीने गावाचा सारा गोळा करणारा.

कूळ: दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी. जमिनीच्या बदल्यात तो पिकातला वाटा देई, तो खंड.

शोषण: राबायचं कुळाने, पिकाचा मोठा वाटा जायचा खोताकडे, आणि कुळाला 'नाही' म्हणायची सोय नाही.

संप: २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. हा संप १९३९ पर्यंत चालला. मुलांना इथे थांबवून विचारा: शेत पडीक ठेवलं, तर घरात भात कुठून येणार? मग संप म्हणजे सुट्टी नव्हे, हे त्यांचं तेच सांगतील.

विधेयक आणि कायदा: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. विधेयक म्हणजे कायद्याचा प्रस्ताव, तो मंजूर झाला तरच कायदा. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ मध्ये. मधली बारा वर्षं फळ्यावर रेघ ओढून दाखवा. दोन शब्दांतलं अंतर डोळ्यांना दिसतं.

एक काळजी मात्र घ्या. वर्गात 'खोत' आडनावाचं मूल असू शकतं. आपण बोलतोय ते एका पद्धतीबद्दल, कोणाच्या घराण्याबद्दल नाही, हे आधीच स्पष्ट सांगा. व्यवस्था आणि व्यक्ती यांतला फरक हाही याच धड्याचा भाग आहे.

पालकांनी एवढंच करावं: 'कूळ', 'खंड', 'सातबारा' हे शब्द घेऊन मुलांना आजी-आजोबांजवळ बसवावं. ज्यांनी हे शब्द जगून पाहिले किंवा घरात ऐकले, ती पिढी आता थकली आहे. त्यांच्याकडून ऐकलेला अर्थ मुलं विसरत नाहीत.