बर्लिनला निघालेल्या मुलांचा खर्च : काटकसर कुठे करावी, कुठे करू नये

बीड जिल्ह्याला घर सोडून जाणे नवे नाही. इथले हजारो लोक दरवर्षी ऊसतोडीला जातात, मुले शिकायला पुण्याला आणि हैदराबादला जातात. अलीकडे मात्र बीड, अंबाजोगाई, परळीच्या घरांत जर्मनीचेही नाव निघू लागले आहे. त्यातही बर्लिनचे नाव जास्त ऐकू येते. हे शहर आपल्याला अगदीच परके नाही. डॉ. झाकिर हुसेन यांनी 1926 मध्ये बर्लिन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन जामिया मिल्लिया सांभाळली. इरावती कर्वे यांनीही तिथूनच पीएच.डी. केली.

पण मुलगा किंवा मुलगी निघते, तेव्हा घरातली जमीन नाहीतर अम्मीचे दागिने पणाला लागलेले असतात. म्हणून पैसा कुठे वाचतो आणि कुठे वाचवू नये, हे विमानात बसण्याआधीच घरात सर्वांना माहीत असायला हवे.

मोठी बचत निघण्याआधीच

बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक अभ्यासक्रमांना शिकवणी फी नाही. फक्त दर सहामाहीला काही शुल्क भरावे लागते आणि बहुतेक ठिकाणी त्यातच प्रवासाचा पास येतो. खाजगी संस्थांची फी मात्र वर्षाला लाखो रुपयांत जाते. काही एजंटांना अशाच संस्थांकडून कमिशन मिळते. त्यामुळे एजंटाने नाव सुचवले की पहिला प्रश्न हाच विचारा, ‘विद्यापीठ सरकारी आहे का?’ शहर बदलायचा विचार असेल, तर बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात भारतीय विद्यार्थ्यांना दर सहामाहीला 1,500 युरो फी आहे, हेही लक्षात ठेवा.

अर्ज मुलांना स्वतः करता येतो. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागते, त्याची फी 18,000 रुपये आहे. ‘युनी-असिस्ट’मार्फत पहिल्या अर्जाला 75 युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला 30 युरो लागतात. वीस ठिकाणी अर्ज करण्यापेक्षा पाच ठिकाणी नीट अभ्यास करून केलेले बरे.

व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. युरो शंभर रुपये धरला, तर हे सुमारे बारा लाख होतात. आकडा ऐकून छाती दडपते, पण ही फी नाही. ते मुलाचेच पैसे असतात आणि महिन्याला 992 युरो याप्रमाणे त्यालाच मिळतात. वर्षभराचे घर त्यातच चालवायचे असते.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जावरील व्याजाला मदत करणारी केंद्राची ‘पढो परदेस’ योजना 2022-23 पासून बंद झाली आहे. तिच्या नावावर कोणी पैसे मागत असेल, तर सावध राहा. शैक्षणिक कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे चौकशी करता येते. व्याजाचा प्रश्न ज्यांच्या मनाला टोचतो, त्यांनी कर्जाआधी शिष्यवृत्तीचे दार ठोठवावे. जर्मनीतली ‘डॉइचलांडस्टिपेंडियम’ शिष्यवृत्ती महिन्याला 300 युरो देते आणि ती परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळू शकते.

992 युरोंचा हिशेब

सर्वांत मोठा खर्च घरभाड्याचा. विद्यार्थी वसतिगृहाची खोली बाहेरच्या खोलीपेक्षा बरीच स्वस्त पडते, पण प्रतीक्षायादी लांब असते. प्रवेश मिळाला त्याच दिवशी अर्ज करावा. खोली न पाहता, करार न वाचता अनामत पाठवू नये. या फसवणुकीत नवी मुले हमखास अडकतात. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकीच घेता येते आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच आहे. रेडिओ-टीव्हीचे महिना 18.36 युरो शुल्क माणशी नसून घरामागे असते. चौघे एकत्र राहत असतील, तर ते चौघांत वाटून घ्यावे.

जेवणाचा खर्च हातात ठेवता येतो. विद्यापीठाच्या भोजनगृहाला ‘मेन्झा’ म्हणतात. तिथे विद्यार्थ्यांना सवलतीत गरम जेवण मिळते. 2021 पासून बर्लिनच्या मेन्झांत बहुतेक पदार्थ शाकाहारी असतात, त्यामुळे हलालची चिंता बरीच हलकी होते. तरी जिलेटिन आणि वाइन यांची चौकशी करावीच. क्रॉइत्सबर्ग आणि नॉयकोल्न या भागांत तुर्की दुकाने भरपूर आहेत, हलाल मांस आणि डाळी तिथे मिळतात. मायबाखउफरचा तुर्की बाजार मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो. बाजार उठायच्या वेळी भाजी स्वस्त होते, अगदी आपल्या आठवडी बाजारासारखी. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरावे. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, ते विकत घेऊ नये. प्लास्टिकची बाटली परत दिली की 25 सेंट मिळतात, ती फेकू नये.

इथून नेताना छोटा कुकर, मसाले, चष्म्याचे दोन जोड न्यावेत आणि दात तपासून घ्यावेत. तूप, खवा, खिमा नेऊ नये. युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. जाड कोट इथून घेण्यात अर्थ नाही. तिथली जुन्या कपड्यांची दुकाने चांगली असतात आणि कोट तिथल्या थंडीचा असतो.

काम किती करावे

विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते. पण पहिल्या सहामाहीचा खर्च कामाच्या भरवशावर टाकू नये. भाषा येत नसेल तर काम मिळायला वेळ लागतो, आणि रात्रपाळी करून पेपर राहिला तर आणखी एक सहामाही म्हणजे आणखी सहा हजार युरो. म्हणून इथेच जर्मन शिकून जाणे हीसुद्धा मोठी बचत आहे.

इथे हात आखडू नये

आरोग्य विमा सक्तीचा आहे. सरकारी विम्याचा विद्यार्थी दर तीस वर्षांच्या आतल्यांना मिळतो. स्वस्त खाजगी विम्याच्या मोहात पडू नये, नंतर सरकारी विम्यात परतणे अवघड होते.

दुसरी गोष्ट पोटाची. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने घरच्यांचे ओझे नको म्हणून महिनाभर दुपारचे जेवण सोडले होते. फोनवर तो रोज सांगायचा, ‘जेवलो, अम्मी.’ चार चांगले गुण घेऊन गेलेला मुलगा वर्गात डोळे उघडे ठेवू शकत नव्हता. आपल्या दीनने उधळपट्टी नाकारली, तसा कंजूषपणाही नाकारला आहे. म्हणून अब्बांनी महिन्यातून एकदा फोनवर हिशेब विचारावा, पण रागावण्यासाठी नाही. ‘पैसे संपले’ हे वाक्य मुलाला घरी बिनधास्त बोलता आले पाहिजे. ते बोलता येत नाही तेव्हाच मुले कुणाकडून तरी उसने घेतात किंवा उपाशी राहतात, आणि मग दागिने मोडून पाठवलेले शिक्षणच धोक्यात येते.