झोळींतल्या बुवाची भीति

अफवेवर विश्वास ठेवणें हें अडाणी खेडुतांचें काम, सुशिक्षित घरांत तिला थारा नाहीं, अशी आपणां सर्वांची एक गोड समजूत आहे. आमच्या मतें हीच समजूत प्रथम तपासून पाहावयास हवी.

ता. १ जुलै २०१८, रविवार. धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूरकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष तेथें आले. गांवोगांव फिरून भिक्षा मागणें हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. त्यांतील एकजण एका लहान मुलीशीं बोलला, असें मागाहून पोलिसांकडून सांगण्यांत आलें. 'मुलें पळविणारी टोळी आली' अशी ओरड झाली आणि त्या पांचांस ग्रामपंचायतीच्या कचेरींत कोंडून ठार मारण्यांत आलें. त्याच रात्रीं मालेगांवींहि पांच जण अशाच जमावाच्या तावडींत सांपडले होते. त्यांस पोलिसांनीं वांचविलें.

टोळी मात्र कोठेंच नव्हती! त्या वर्षीं व्हॉट्सॲपवरून देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यांत खेळणारें मूल उचलून नेतात. मूळ चित्रफीत कराचींतील एका संस्थेनें पालकांच्या सावधगिरीसाठीं केलेली होती; तींत ते दोघे मूल लगेच परत आणून सोडतात व तशा अर्थाचा फलक दाखवितात. तेवढा शेवट कोणीं तरी कापून टाकला. सीरियांत २०१३ सालीं विषारी वायूनें मेलेल्या बालकांचीं चित्रेंहि याच गोष्टीचा पुरावा म्हणून खपलीं. असले संदेश पुढें धाडण्यास अक्षरओळख लागते, फोन लागतो. तेव्हां हा दोष केवळ निरक्षरांच्या माथीं कसा मारावा?

शिवाय ही भीति कांहीं फोनाबरोबर जन्मली नाहीं. पुलाच्या पायांत पुरण्यासाठीं मुलें धरून नेतात, ही आवई आपल्या आजीपणजींनींहि ऐकलेली होती. आणि जेवावयास कुरकुर करणाऱ्या मुलास 'गप्प जेव, नाहीं तर गोसावी झोळींत घालून नेईल' असें कोणत्या माजघरांत म्हटलें गेलें नाहीं? बोलणारीच्या मनांत दुष्टावा नसतो हें खरें. पण झोळीवाला परका म्हणजे मुलें नेणारा, हें समीकरण तेथेंच पक्कें होतें.

धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नांवाचें संशोधन मंडळ आहे. अस्सल कागद हातीं आल्यावांचून विधान करूं नये, ही शिस्त त्यांनीं लावली. आपण तर कागदाची तारीखहि पाहत नाहीं.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांच ठिकाणींच पुढें धाडतां येईल अशी मर्यादा घातली. पांच ठिकाणेंहि थोडीं नव्हेत. मुलाविषयीं खरीच शंका आली तर १०९८ हा क्रमांक आहे. तो विनामूल्य लागतो, आणि त्यासाठीं जमाव गोळा करावा लागत नाहीं.